जे वाक्य मी गाळत होते

मोटरसायकलवरून पडण्याआधी आमचं घर गोडीगुलाबीचं होतं असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं ठरेल. भांडण आमच्या घरात आधीपासून होतं. हिंदी मुलखातल्या आमच्या लालबागच्या गल्लीत तसंही हळू बोलणाऱ्याचं काही चालत नसे. घराच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. सकाळी तो सुरू झाला की खटाखट, खटाखट, फळीवरचे पितळी डबे दिवसभर थरथरत राहायचे. त्या आवाजावरून ओरडून बोलायची आम्हाला इतकी सवय झाली होती की तुकईथडला मामाकडे गेलो की मामी घाबरून विचारायची, "भांडण झालं का रे तुमचं?" आणि आम्ही नुसतं मीठ मागितलेलं असायचं. आई चुलीपुढून ओरडायची. बाबा कागद मिलमध्ये पाळीवर जायचे, त्यांना सकाळची गाडी पकडायची असायची, ते न्हाणीतून ओरडायचे. आणि माझा मोठा भाऊ, दादा, केळीच्या मंडीत गाड्या भरून घ्यायच्या कामावर होता, तो दुपारी जेवायला यायचा तो गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत यायचा, "आई, वाढ!" त्याच्या कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असत. ते कधीच निघत नाहीत. आई ते कपडे धोपटताना केळीला, मंडीला आणि दादाला एका दमात शिव्या द्यायची.

पण त्या ओरडण्यात जेवण असायचं. आईचं माहेर मूळचं रावेरकडचं, त्यामुळे थंडीत आठवड्यातून दोनदा तरी वांग्याचं भरीत, कांद्याची पात भरपूर घातलेलं, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. बाबा पगाराच्या दिवशी शहरातून मावा जिलेबी आणत, ती कागदात गुंडाळलेली असायची आणि बाबा तो कागद बोटांत चोळून बघत, चांगला आहे की नाही. आम्ही हसायचो. दादा माझ्या पानातली जिलेबी पळवायचा, मी त्याच्या दंडाला चावायची. एकोणिसाव्या वर्षीसुद्धा चावायची. माझं नाव विजया, घरात विजू, आणि त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. मुलगा डोईफोडियाचा, शेती असलेला. मी त्याला एकदाच पाहिला होता, तेव्हा तो सारखा रुमालानं मान पुसत होता. मला तो आवडला होता.

मामाला लग्नाचं आमंत्रण द्यायला दादा आणि मी मोटरसायकलवर तुकईथडला गेलो. येताना दुपार होती. पुढे केळीनं भरलेली एक गाडी रखडत चालली होती, तिच्या मागे आम्ही धूळ खात होतो. दादाला कोणाच्या मागे राहायला कधीच जमलं नाही. त्यानं वेग वाढवला. मी म्हटलं, "दादा, हळू." तो म्हणाला, "चूप बस ना." मी पुन्हा म्हटलं. तो हसला. हँडल थरथरत होतं, चाक डांबर सोडून बाजूच्या खडीवर गेलं, आणि पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं: पुलाचा कठडा, माझी एक चप्पल, आणि कमरेपासून खाली काहीच नाही. दुखतसुद्धा नव्हतं. मी शुद्धीत होते. शेतातून दोन माणसं पळत आली, त्यांनी विचारलं काय झालं, आणि दादा म्हणाला, "रोही आडवी आली." मी ते ऐकलं. रस्त्यावर त्या दिवशी एकसुद्धा रोही, म्हणजे नीलगाय, नव्हती.

दादाला कोपरावर खरचटलं होतं, बाकी काही नाही.

इंदूरच्या दवाखान्यातून मला परत आणलं तेव्हा मधल्या खोलीत खिडकीशी खाट टाकलेली होती. पाय तसेच राहिले. आजही तसेच आहेत. हे आत्ताच सांगून टाकते, कारण ही हकिगत ऐकताना लोक शेवटी मी उठून चालायला लागणार म्हणून वाट बघत बसतात आणि मग निराश होतात. मी चाकाच्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे.

डोईफोडियाची माणसं आली, चहा प्यायली, माझ्या खोलीत डोकावली नाहीत, आणि निघताना त्यांच्यातल्या एकानं बाबांना म्हटलं, "आमचीही मजबुरी समजा." बाबांनी समजून घेतली. नात्यातल्या बायका यायच्या, माझ्या पायांना चिमटा काढून बघायच्या, "इथं कळतं का गं? इथं?" आणि बाहेर जाऊन आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या की पोरगी लग्नाच्या तोंडावर बाहेर पाठवायची नसते. आई तो राग माझ्यावर काढायची. मला उचलणं, पालथं करणं, धुणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडलं होतं, आणि तिची कंबर आधीच गेलेली. एकदा चादर बदलताना ती मला म्हणाली, "मेली असतीस तं मी एकदाच रडली असती." म्हणाली आणि तशीच चादर ओढत राहिली. मी ताटातलं वरण भिंतीवर फेकलं. त्याचा पिवळा ओघळ पुढे कितीतरी वर्षं तिथं होता, चुन्याच्या दोन हातांखालूनही वर येत राहिला.

दादा माझ्या खोलीत येतच नसे. जेवायला आला की पुढच्या खोलीत पाठ माझ्याकडे करून बसायचा. आलेल्या-गेलेल्याला रोहीची गोष्ट तोच सांगायचा, आणि दर वेळी ती रोही मोठी होत होती. मी आतून ऐकायची. मी खरं का सांगितलं नाही असं मला पुढे अनेकांनी विचारलं. सुरुवातीला तोंडातून शब्दच फुटत नव्हता. नंतर मात्र मी मुद्दामच सांगितलं नाही. माझ्याकडे त्या घरात तेवढी एकच वस्तू माझी म्हणून उरली होती. ती मी उशीखाली सुरी ठेवावी तशी जपून ठेवली होती. योग्य दिवशी काढणार होते.

पाठीवर आणि कमरेखाली जखमा व्हायला लागल्या, पडून पडून. दवाखान्यात रोज नेणं शक्य नव्हतं. बाबांच्या मिलमधल्या एका सोबत्याची विधवा बायको, एस्तेरबाई, स्टेशनच्या पलीकडे राहायची. आयुष्यभर नर्स होती, आता घरीच होती. मूळची नगरकडची. बाबांनी तिला विचारलं आणि ती एक दिवसाआड दुपारी जखमा धुवायला येऊ लागली. दयाळू, हसऱ्या नर्सबाईचं चित्र कोणी मनात काढत असेल तर पुसून टाकावं. बाई ठेंगणी, काळी, कपाळावर कायम आठी, आणि तपकीर ओढायची. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "मला हात लावायचा नाही." ती म्हणाली, "हात न लावता जखम कशी धुतात ते शिकव मला, मग तसं करते." आणि मला पालथं घातलं. मला माहीत होत्या तेवढ्या शिव्या मी तिला दिल्या. दादा मंडीत शिकून यायचा, मी दादाकडून शिकले होते, त्यामुळे माझ्याकडे बऱ्याच होत्या.

कापूस फिरवताना ती काहीतरी पुटपुटायची. पाच-सहा वेळा मी दुर्लक्ष केलं. मग विचारलं, "काय पुटपुटता?"

"तुझ्याशी नाही बोलत मी."

"मग कोणाशी?"

"तुला काय करायचंय? हलू नको."

"माझ्याबद्दल बोलता का?"

तिनं कापूस बदलला. "आत्ता जखमेबद्दल बोलत होते. ही खोल जातीय, तेवढी भरू दे म्हणून. तुझ्याबद्दल घरी बोलते."

मला भयंकर राग आला. माझ्याबद्दल बोलणारे काय कमी होते! आईनं देवीला नवस बोलला होता, मामानं कुठल्या तरी बाबाचा अंगारा पाठवला होता, आणि माझे पाय ओंडक्यासारखे पडलेले होते. मी म्हटलं, "मग त्याला सांगा, तुमच्या त्या देवाला, की मला काही नको. मरण पाठव म्हणावं."

"मी काय तुझी पोस्टमन आहे? तूच सांग."

"मला प्रार्थना येत नाही."

"शिव्या येतात ना? आल्यापासून ऐकतीय. त्याच दे."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. पण ती पट्टी कापत होती, चेहरा नेहमीसारखाच आंबट. मग मी खरोखर दिल्या. उशीत तोंड खुपसून, पालथी पडून, लूमच्या खटखटाटात, मी देवाला शिव्या दिल्या. पुलाच्या कठड्यासाठी, आईच्या कमरेसाठी, मान पुसणाऱ्या त्या मुलासाठी, आणि सगळ्यात जास्त दादासाठी. किती वेळ ते माहीत नाही. उशी ओली झाली. एस्तेरबाईनं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपलं तेव्हा ती म्हणाली, "आता आमेन म्हण."

"शिव्यांना आमेन?"

"ज्याला सांगितलं त्याला कळतं काय आहे ते. म्हण."

मी म्हटलं. ती पिशवी उचलून गेली.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण मी रोज दुपारी, आई अंगणात गेली की, तसं बोलायला लागले. आधी शिव्या, मग तक्रारी, मग नुसती दिवसाची हकिगत. आज अमकी आली, तमकं बोलली. घरात माझं कोणी ऐकून घेत नव्हतं, आणि इथं कोणी मध्ये तोंड घालत नव्हतं. उन्हाळा लागला होता. अंगणात आई कुरडया घालत होती, चिकाचा आंबूस वास खिडकीतून येत होता, आणि मी म्हटलं, "मी ही अशी आहे. आता मला काही सुचत नाही. काय करायचं ते तू बघ." एवढंच. त्यात काही विशेष नव्हतं. पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझा जबडा सैल पडला आहे. पडल्या दिवसापासून मी दात आवळून होते आणि ते मला ठाऊकच नव्हतं. छातीवर काहीतरी बसलेलं होतं, ते उठून गेलं होतं. लूम चालूच होते, माशा होत्या, पाय तसेच होते. आणि मला भूक लागली. औषधासाठी पोटात काहीतरी हवं म्हणून गिळायची ती भूक नव्हे, लहानपणी शाळेतून आल्यावर लागायची तशी. मी हाक मारली, "आई, भूक लागली." आई चिकाचे हात तसेच घेऊन दारात आली. "काय म्हणालीस?" मी पुन्हा सांगितलं. तिनं हात न धुताच भाकरी शेकायला तवा ठेवला.

दादाचा मुलगा आता शिकून मोठा झाला आहे, तो मला सांगतो की आत्या, ह्याला मानसशास्त्रात अमुक म्हणतात. म्हणत असतील. मला त्याचं नाव माहीत नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या हे माहीत आहे.

मग मीच एस्तेरबाईला म्हटलं, तुमची नेहमीची प्रार्थना असते ती शिकवा. तिनं तिच्या बोलीत, तुकडे तुकडे करून शिकवली. आकाशातल्या बापाची, रोजच्या भाकरीची. सगळं सोपं होतं. मग एक वाक्य आलं, की आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही जशी माफी दिली तशी तू आम्हाला दे. मी थांबले.

"हे नाही म्हणणार."

"का?"

"खोटं होईल."

मला वाटलं आता ती उपदेश करेल. तिनं तपकिरीची डबी उघडली, चिमूट ओढली, शिंकली. "मग ते सोड. बाकीचं म्हण. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा गाळलेलं बरं." कोणाला माफ करायचं नाही, हे तिनं विचारलं नाही. मी रोज ते वाक्य गाळून प्रार्थना म्हणू लागले. तिथं आलं की गाडी रूळ बदलताना हिसका बसतो तसा बसायचा, आणि मी पुढे जायची.

एक दिवस दादा दुपारी लवकर घरी आला. मी आणि एस्तेरबाई हात जोडून डोळे मिटून होतो, आणि त्याआधी कशावरून तरी मी हसले होते, ते हसू माझ्या तोंडावर राहिलं असावं. मी डोळे उघडले तर तो दारात. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं रडणं, ओरडणं, ताट फेकणं त्यानं पाठ फिरवून सहन केलं होतं. हसू त्याला सहन झालं नाही.

"अच्छा! तो ये चल रहा है!" तो ओरडला. रागात तो हिंदीवर जायचा. "माझ्या बहिणीला बाटवते? लाचार बघून? ए बाई, ऊठ. परत ह्या घरात पाऊल टाकलं ना, पाय तोडीन!"

आई दारात आली होती. 'पाय' म्हटल्याबरोबर तिघंही माझ्या पायांकडे बघायला लागले. मग दादा भिंतीवर हात आपटून निघून गेला. एस्तेरबाईनं अर्धी राहिलेली पट्टी पूर्ण बांधली. "परवा येते," ती आईला म्हणाली.

"नका येऊ हो बाई," आई म्हणाली. "तो लय तापट हाय."

"जखम ओली आहे अजून," ती म्हणाली, आणि परवा आली.

दादा वाट बघतच होता. बाबांची दिवसाची पाळी होती. पुढच्या खोलीत दादा आणि त्याच्या ओळखीची चार-पाच माणसं चहा न घेता बसली होती. मला खाटेवरून त्यांच्या चपला दिसत होत्या, माणसं दिसत नव्हती. एस्तेरबाई उंबऱ्यात आली तशी एकानं विचारलं, "क्यों बाई, किसने बुलाया?"

"जखम धुवायला येते मी."

"जखम धोने आती है का धरम बदलने?"

"आधी जखम धुते. मग तुमच्याशी बोलते. सरका."

कोणी सरकलं नाही. पिशवी हिसकावल्याचा आवाज आला, मग फरशीवर कात्री, बाटल्या, डबी. "तो कापूस उघडू नका," एस्तेरबाईचा आवाज, "हात धुतलेत का तुम्ही?" कोणीतरी हसलं, कोणीतरी म्हणालं पोलिसात नेऊ, कोणीतरी म्हणालं आधी लिहून घेऊ की हिनं पोरीला काय लालूच दिली. आई म्हणाली, "अरे सोडा तिले, पोरीचं करायचं हाय." दादा म्हणाला, "आई, तू मध्ये पडू नको." मग काहीतरी आपटलं आणि एस्तेरबाई कण्हली. नंतर कळलं की दाराच्या चौकटीवर तिचा खांदा आदळला होता. ढकललं की धडपडली ते मला दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही.

मी खाटेची कड धरली आणि अंग लोटून दिलं. पडल्याचा आवाज लूमच्या आवाजातही त्यांना ऐकू गेला असणार, कारण पलीकडे सगळे गप्प झाले. मग मी कोपरांवर सरकत निघाले. पाय मागून येत होते. पाठीवरची पट्टी सुटली, फरशी ओली झाली. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचले तेव्हा मी आईचा जुना गाऊन घातलेला होता आणि तो गुडघ्यांवर सरकला होता. माणसांनी माना फिरवल्या. बाटलेली मुलगी बघायला आलेल्या त्या लोकांनी जमिनीवर सरपटणारी मुलगी बघायची तयारी केलेली नव्हती.

"मी बोलावलं हिला," मी म्हटलं. "कोणी काही दिलं नाही."

त्यांच्यातला एक वयस्क होता, खांद्यावर गमछा. तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "डरो मत बेटी. आम्ही तुझ्या बाजूचे आहोत. हिनं तुला काय शिकवलं?"

"प्रार्थना."

"म्हणून दाखव."

मी दादाकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्या क्षणी मला कळलं की तोही माझ्याकडेच बघतो आहे, आणि घाबरला आहे. रोहीचं मी आता सांगेन असं त्याला वाटत होतं. मलाही तेच वाटत होतं. ह्याहून चांगला दिवस कुठला मिळणार होता? त्याचीच माणसं, त्याचीच पंचायत, आणि मी त्यांच्यासमोर अशी पडलेली. एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलं होतं, त्याची चव मला अजून आठवते.

मी प्रार्थना म्हणायला लागले. आकाशातला बाप, रोजची भाकरी. मग ती जागा आली. मी थांबले. खटाखट, खटाखट. एस्तेरबाई जमिनीकडे बघत होती, तिनं मला पुढचा शब्द सुचवला नाही, वाक्य गाळायची खूणही केली नाही. मी दादाच्या तोंडावरची नजर न काढता ते वाक्य म्हटलं. आवाजात माया नव्हती. मला तो तेव्हाही नकोसाच होता. पण म्हटलं, पूर्ण म्हटलं, आणि राहिलेलं म्हणून आमेनपर्यंत गेले.

"बस? एवढंच?" गमछावाला म्हणाला. त्याची खरोखर निराशा झाली होती. "ह्यात तर कोणाचं नावसुद्धा नाही."

दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता. "चला," तो म्हणाला. "झालं."

"अरे, पण लिहून घ्यायचं—"

"झालं म्हटलं ना! बहीण पडलीय माझी, दिसत नाही का तुले?"

ते गेले. जाताना एकानं एस्तेरबाईला बजावलं की पुन्हा गल्लीत दिसायचं नाही. दादानं मला उचललं नाही, तो त्यांच्याच मागे निघून गेला. आईनं आणि एस्तेरबाईनं मला खाटेवर घेतलं. मग एस्तेरबाईनं दुखरा खांदा सांभाळत कात्री, बाटल्या गोळा केल्या आणि आईला म्हणाली, "बसा इथं. आता तुम्हालाच करायचंय. मी एकदा दाखवते." आईनं तोवर माझी जखम कधी नीट पाहिली नव्हती, ती तोंड फिरवायची. त्या दुपारी तिनं पाहिली. ती कापूस नुसता वरवर टेकवत होती, आणि एस्तेरबाई तिच्यावर खेकसत होती, "घाबरता काय, तुमचीच पोर आहे."

एस्तेरबाई परत आमच्या घरी आली नाही. प्रार्थना मी सोडली नाही. त्यावरून दादा माझ्याशी शब्द बोलत नव्हता, आई म्हणायची मनात म्हण, कायले ओठ हलवते. मग पावसाळा सरता सरता एका सकाळी बाबा गाडीला जाण्याआधी जेवायला बसले होते आणि दादा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "बाबा, रोही नव्हती." बाबांचा घास हातात राहिला. "गाडी जोरात होती. ही हळू म्हणत होती. मी ऐकलं नाही."

बाबांनी घास तोंडात घातला. भाकरी संपवली, ताटात हात धुतला, डबा उचलला आणि स्टेशनवर गेले. संध्याकाळी आले ते दादाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आई त्याचं ताट लांबून सरकवायची. नात्यात बातमी पोचली तशी मामानं निरोप पाठवला की ह्याला माझ्या दारात पाठवू नका. आणि अशी गंमत झाली की त्या घरात दादाशी बोलणारी मी एकटी उरले. तो माझ्या खोलीत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसायचा, पाठ माझ्याकडेच, सवयीनं.

एकदा तसाच पाठ करून बसलेला असताना त्यानं विचारलं, "ते तू मनापासून म्हटलं होतंस?"

"नाही."

"मग कायले म्हटलं?"

"म्हणून ठेवलं. मन मागून आलं. अजून पूर्ण आलेलं नाही."

त्यानं मान हलवली. ते त्याला पटलं असावं. पूर्ण आलं असं मी सांगितलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला नसता.

बाबा वर्षभरानं त्याच्याशी बोलायला लागले, तेही छत गळत होतं म्हणून. मी बसायला शिकले, साड्यांना फॉल-पिको करायला शिकले. लोक मला अजून विचारतात, मग तू बाप्तिस्मा घेतलास का? ज्यांनी विचारलं त्यांतल्या कोणी मला कधी भूक लागली का असं विचारलेलं नाही, म्हणून मीही उत्तर देत नाही. दादाचा राग शेवटपर्यंत गेला नाही. माझ्यावरचा गेला, एस्तेरबाईवरचा आणि तिच्या देवावरचा नाही. "तुझं तू कर," तो म्हणायचा, "माझ्यापुढे त्याचं नाव काढायचं नाही." मी काढत नसे.

एस्तेरबाई गेली ती बातमीही त्यानंच मंडीतून आणली. दारातच उभा राहून म्हणाला, "ती तुझी बाई गेली. चार वाजता नेणार आहेत." मी काही बोलायच्या आत म्हणाला, "नेतो. पण आत येणार नाही." त्यानं रिक्षा आणली, मला उचलून आत बसवलं, खुर्ची घडी करून मागे बांधली. दफनभूमीच्या फाटकापर्यंत त्यानं खुर्ची ढकलली आणि तिथं हात काढून घेतला. दोन अनोळखी मुलांनी मला पुढे नेलं. थोडीच माणसं होती. सगळ्यांनी मिळून ती प्रार्थना म्हटली, मीही म्हटली, कुठं न अडखळता. कोणीतरी माझ्या ओंजळीत माती दिली. मी ती टाकली आणि मला फार रडू आलं, त्या खेकसणाऱ्या बाईसाठी, जिनं मला कधी पोरी म्हणून जवळसुद्धा घेतलं नव्हतं.

परत फाटकाशी आले तेव्हा दादा होता तिथंच उभा होता. उन्हं अजून कडक होती. सदरा पाठीला चिकटलेला, मान घामानं निथळत होती. रस्त्यापलीकडे चिंचेची दाट सावली होती, रिक्षावाला तिथं गाडी लावून झोपला होता.

"सावलीत जाऊन थांबायचं होतंस," मी म्हटलं.

त्यानं खुर्चीचे दांडे धरले. "तिथून तू दिसत नव्हतीस," तो म्हणाला.